हडसनकाठचा लोहमार्ग : दोन काळांतील दृश्ये आणि नदीचा तीर

१

लोहमार्गांच्या इतिहासाचा अभ्यास करणारांमध्ये जुनी व नवी छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. पन्नास, पाऊणशे किंवा शंभर वर्षांपूर्वी ज्या ठिकाणी उभे राहून कोणी धावत्या आगगाडीचे चित्र टिपले असेल, त्याच ठिकाणी जाऊन, शक्य तो त्याच कोनातून व त्याच ऋतूत, आजच्या गाडीचे चित्र घ्यावयाचे आणि दोहोंमधील फरक वाचकापुढे मांडावयाचा, अशी ह्या पद्धतीची रीत आहे. नदीकाठच्या लोहमार्गांना ती विशेष मानवते. डोंगर, नदीचे वळण आणि रूळ ह्या तीन गोष्टी दोन्ही चित्रांत सहसा जागच्या जागी सापडतात, आणि बदललेली अशी एकटी गाडीच उरते.

परंतु इतिहासाचे साधन म्हणून ह्या चित्रजोडीकडे पाहू लागले म्हणजे एक प्रश्न उपस्थित होतो. दोन्ही चित्रांत जे सारखे दिसते ते खरोखरच स्थिर असते काय? अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातून वाहणाऱ्या हडसन नदीच्या पूर्व तीरावरील लोहमार्ग हे ह्या प्रश्नाचा विचार करण्यास उत्तम उदाहरण आहे. ह्या मार्गावरील दृश्ये चित्रकारांनी, मुद्राचित्रकारांनी व छायाचित्रकारांनी पावणेदोनशे वर्षे सातत्याने टिपली आहेत. त्यांची तुलना केली असता असे दिसून येते की, जुन्या व नव्या चित्रांत जो सरळ, आखीव तीर कायम दिसतो, तोच लोहमार्गाने घडवून आणलेला सर्वांत मोठा बदल होय. आणि जोडीतील जुने चित्रही त्या बदलानंतरचेच असल्यामुळे तो बदल नेमका नजरेतून निसटतो.

२

लोहमार्ग येण्यापूर्वीची हडसन कशी होती, हे प्रथम पाहिले पाहिजे. ही नदी खालच्या भागात खाडीसारखीच वागते. समुद्राच्या भरती-ओहोटीचा परिणाम मुखापासून सुमारे दीडशे मैलांवरील ट्रॉय शहरापर्यंत जाणवतो. तीरावर पूर्वी राहणारे मोहिकन लोक तिला दोन्ही दिशांना वाहणारे पाणी ह्या अर्थाच्या नावाने ओळखत. अशा नदीचा काठ साहजिकच रेखीव नव्हता. डोंगरांची टोके पाण्यात शिरलेली, दोन टोकांच्या मध्ये लहानमोठी आखाते, आखातांच्या तोंडाशी गाळ आणि मागे पाणथळ जमीन, असे त्याचे स्वरूप होते. १८०७ साली रॉबर्ट फुल्टनच्या आगबोटीने न्यूयॉर्कहून ऑल्बनीपर्यंत यशस्वी प्रवास केला, तेव्हापासून ही नदी त्या राज्याचा राजमार्गच बनली आणि तिचे सौंदर्य बोटीच्या डेकवरून पाहण्याची सवय हजारो प्रवाशांना लागली.

ह्याच सवयीतून १८४६ साली वेड आणि क्रूम ह्यांचे एक विलक्षण मुद्राचित्र तयार झाले. न्यूयॉर्कपासून ऑल्बनीपर्यंतचे नदीचे दोन्ही तीर त्यात एका लांबलचक, घडी घालून ठेवता येणाऱ्या पट्टीवर सलग रेखाटले आहेत. प्रवाशाने बोटीत बसून पट्टी उलगडत जावे आणि समोरचे गाव, टेकडी वा हवेली ओळखावी, हा त्यामागील हेतू. ती पट्टी निघाली त्याच वर्षी, म्हणजे १८४६ च्या मे महिन्यात, हडसन रिव्हर रेलरोड ह्या कंपनीला राज्याची सनद मिळाली. त्यामुळे ह्या पट्टीला आज एका कागदपत्राचे मोल आले आहे : लोहमार्गाच्या आदल्या दिवशीचा तीर तिच्यात सापडतो.

लोहमार्गाच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य युक्तिवाद हिवाळ्याचा होता. नदी गोठली की बोटी बंद पडत आणि वरच्या भागातील व्यापार काही महिने खोळंबून राही. पोकीप्सी गावच्या व्यापाऱ्यांना ही अडचण विशेष जाणवे. म्हणून कंपनी उभारण्यात तेच आघाडीवर होते. मार्गाची आखणी जॉन बी. जर्व्हिस ह्या मुख्य अभियंत्याकडे आली. न्यूयॉर्क शहराला पाणी पुरविणाऱ्या व १८४२ साली पुऱ्या झालेल्या क्रोटन जलवाहिनीचे कामही त्यानेच तडीस नेले होते. जर्व्हिसने मार्ग अंतर्भागातून न नेता थेट नदीच्या कडेने, भरतीच्या रेषेपासून थोड्याच उंचीवर नेण्याचे ठरविले. चढउतार टळावेत हा त्याचा हिशेब होता. त्यासाठी पाण्यात शिरलेली डोंगरांची टोके सुरुंगाने फोडली, काही टोकांखालून बोगदे काढले आणि निघालेला दगड आखातांच्या तोंडाशी टाकून भराव उभारले. हे कष्टाचे व धोक्याचे काम मुख्यत्वे आयर्लंडमधून आलेल्या मजुरांनी केले. १८४९ च्या सप्टेंबरात पीकस्किलपर्यंत, त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पोकीप्सीपर्यंत आणि १८५१ च्या ऑक्टोबरात ऑल्बनीसमोरील पूर्व तीरापर्यंत गाड्या धावू लागल्या. एकंदर अंतर १४४ मैलांचे होते.

येथे जर्व्हिसचे एक मत नोंदविण्यासारखे आहे. नदीकाठची शोभा नष्ट होईल अशी ओरड जमीनमालकांनी केली, तेव्हा त्याने असे प्रतिपादन केले की, लोहमार्गामुळे तीराचे रूप उलट सुधारेल. खडबडीत टोके घासून गुळगुळीत होतील, आखातांचा वेडावाकडेपणा झाकला जाईल आणि एकंदर रेषेला नियमितपणा व प्रमाणबद्धता लाभेल. आजच्या वाचकाला हे मत चमत्कारिक वाटेल. परंतु ते केवळ वेळ मारून नेण्यासाठी केलेले विधान नव्हते. अनियमित ते असंस्कृत आणि सरळ ते सुंदर, ही त्या शतकातील अभियंत्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. नंतरच्या प्रत्येक चित्रात जी सरळ रेषा आढळते तिचा उगम ह्या श्रद्धेत आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ह्या श्रद्धेचा फटका ज्यांना बसला त्यांत वॉशिंग्टन अर्व्हिंग हा प्रख्यात लेखकही होता. टॅरीटाउनजवळील त्याच्या ‘सनीसाइड’ ह्या घराचे अंगण पूर्वी नदीच्या पाण्याला जाऊन मिळत असे. आता अंगण व नदी ह्यांच्यामध्ये भराव आला, समोरचे लहानसे आखात नदीपासून तुटले आणि शिट्ट्यांचा कर्कश आवाज दिवसरात्र कानी पडू लागला. त्याने कडवट शब्दांत नाराजी प्रकट केली, भरपाई स्वीकारली आणि पुढे ह्या नव्या शेजाराशी जमवून घेतले. १८५४ साली शेजारच्या गावाला त्याचे नाव देण्यात आले, आणि ज्या लोहमार्गाने त्याचा तीर हिरावला त्याच मार्गावरील स्थानक आज अर्व्हिंग्टन ह्या नावाने ओळखले जाते.

३

लोहमार्ग आल्यावर नदीचे दृश्य दुभंगले असे म्हणता येईल. एक दृश्य बोटीतून वा पश्चिम तीरावरून दिसणारे. त्यात गाडी ही नदीच्या चित्रातील एक हलती रेघ. दुसरे डब्याच्या खिडकीतून दिसणारे; त्यात नदी ही प्रवाशासमोर उलगडत जाणारी पट्टी. मार्ग पुरा झाला त्याच १८५१ साली बोस्टन येथे नदी आणि लोहमार्ग ह्या दोहोंचे मिळून एक सचित्र मार्गदर्शक पुस्तक निघाले. बोटीच्या प्रवाशाची जागा गाडीतील उतारू घेऊ लागल्याची ही पहिली खूण होय.

चित्रकारांनी मात्र ह्या नव्या पाहुण्याला सहजासहजी थारा दिला नाही. हडसन संप्रदायाचा अग्रणी टॉमस कोल ह्याने १८४३ च्या ‘रिव्हर इन द कॅट्सकिल्स’ ह्या चित्रात एक इवलीशी आगगाडी दाखविली आहे. ती कॅट्सकिल गावाजवळील एका वेगळ्या, अल्पायुषी मार्गावरील होती. त्या मार्गासाठी झाडे तुटताना पाहून कोल व्यथित झाला होता. हडसनकाठचा मार्ग पुरा झालेला पाहण्यास तो उरला नाही; १८४८ साली त्याचे निधन झाले. पुढे सॅम्युएल कोलमन ह्याने १८६६ साली स्टॉर्म किंग डोंगराचे प्रसिद्ध चित्र काढले. त्यात शिडांची जहाजे आहेत आणि धूर सोडणाऱ्या आगबोटीही आहेत. परंतु त्याच सुमारास समोरच्या तीरावरून रोज धावणाऱ्या गाडीला त्यात स्थान नाही. अशा चित्रांवरून त्या काळच्या नदीचे अनुमान बांधताना, चित्रात जे नाही ते नदीवर नव्हते असे समजणे चुकीचे ठरेल.

सामान्य जनतेची दृष्टी चित्रकारांहून वेगळी होती. तिला गाडी ही पाहण्याजोगी घटना वाटे. १८६१ च्या फेब्रुवारीत अध्यक्षपद स्वीकारण्यास निघालेले अब्राहम लिंकन ह्याच मार्गाने न्यूयॉर्कला गेले व वाटेत पीकस्किल येथे लोकांसमोर दोन शब्द बोलले. चार वर्षांनी, १८६५ च्या एप्रिलच्या २५ तारखेस, त्यांचे पार्थिव घेऊन जाणारी गाडी ह्याच रुळांवरून उत्तरेकडे गेली. ठिकठिकाणी लोक रुळांच्या कडेला स्तब्ध उभे होते. वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयासमोरील गॅरिसन येथे छात्रांनी मानवंदना दिली. त्या दिवशी नदीकाठी जमलेल्या माणसांची दृष्टी नदीकडे पाठ करून गाडीकडे लागलेली होती.

ह्याच्या उलट प्रकारही पाहावयास मिळतो. पश्चिम तीरावर १८८३ साली दुसरा लोहमार्ग सुरू झाला. स्पर्धेत तो लवकरच दिवाळखोर झाला आणि १८८५ च्या अखेरीस प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क सेंट्रल कंपनीनेच तो भाडेपट्ट्याने घेतला. १८९५ पासून पोकीप्सी येथे महाविद्यालयांच्या होड्यांच्या शर्यती भरू लागल्या, तेव्हा ह्या पश्चिमेच्या मार्गावरून एक खास गाडी सोडण्यात येई. तिच्या उघड्या डब्यांवर पायऱ्या पायऱ्यांची बाके मांडलेली असत आणि शर्यतीतील होड्यांच्या बरोबरीने ती गाडी काठाने चाले. म्हणजे गाडी हेच प्रेक्षागृह आणि नदी ही रंगभूमी झाली होती.

४

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या मार्गाचे वैभव शिगेला पोचले. १९०२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क व शिकागो ह्यांच्या दरम्यान ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ ही गाडी सुरू झाली. प्रतिस्पर्धी पेनसिल्व्हेनिया कंपनीचा मार्ग डोंगर ओलांडून जात असे. त्याच्या तुलनेत आपला मार्ग ‘पाण्याच्या पातळीवरचा’ आहे व त्यामुळे उतारूला शांत झोप लागते, अशी न्यूयॉर्क सेंट्रलची जाहिरात असे. जर्व्हिसने भरतीच्या रेषेजवळ राहण्याचा जो निर्णय घेतला तो अशा रीतीने व्यापारी ब्रीद बनला. १९१३ पर्यंत न्यूयॉर्कपासून हार्मनपर्यंतच्या टप्प्यात तिसऱ्या रुळातून वीज खेळविण्यात आली. तेथे विजेचे इंजिन सुटे करून वाफेचे जोडीत. धूर सोडीत, नदीला खेटून जाणाऱ्या गाड्यांची त्या काळातील छायाचित्रे बहुधा हार्मनच्या उत्तरेकडील असतात, त्याचे कारण हे आहे.

१९२७ साली ह्या कंपनीने जी नवी वाफेची इंजिने आणली त्यांना नदीच्याच नावावरून ‘हडसन’ हे नाव मिळाले. १९३८ साली हेन्री ड्रेफस ह्या रचनाकाराने त्यांपैकी दहा इंजिनांवर वारा कापणारे पोलादी आवरण चढविले, आणि ब्रेकनेक रिजच्या उभ्या कड्याखालून धावणारे ते राखाडी इंजिन हे जणू त्या युगाचे बोधचिन्ह झाले. कंपनीचा छायाचित्रकार एड नोवॅक ह्याच्यासारख्यांनी टिपलेली अशी चित्रे आजच्या चित्रजोड्यांचा पाया आहेत. ती उत्कृष्ट आहेत ह्यात शंका नाही. परंतु त्यांतील पुष्कळशी जाहिरातीसाठी घेतलेली होती, ही गोष्ट विसरता कामा नये. त्यांत गाडी स्वच्छ आहे, धूर डौलदार आहे आणि तीर निष्कलंक आहे. वाफेची इंजिने १९५३ साली ह्या मार्गावरून गेली. ‘हडसन’ जातीच्या न्यूयॉर्क सेंट्रलच्या इंजिनांपैकी एकही जतन करण्यात आले नाही. त्यांचे दर्शन आता केवळ चित्रांतच घडते.

खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचेही एक विख्यात चित्रण उपलब्ध आहे. आल्फ्रेड हिचकॉकच्या १९५९ मधील ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ ह्या चित्रपटात नायक-नायिका ह्याच गाडीच्या भोजनाच्या डब्यात भेटतात आणि त्यांच्यामागे खिडकीतून हडसनचे पात्र सरकत असते. त्यानंतर आठच वर्षांनी, १९६७ च्या डिसेंबरात, ती गाडी बंद पडली.

जुन्या छायाचित्रांवर पुष्कळदा तारीख नसते. अशा वेळी गाडीपेक्षा पार्श्वभूमी अधिक विश्वसनीय साक्ष देते. स्टॉर्म किंगच्या अंगावर कोरलेला रस्ता दिसत असेल तर चित्र १९२२ च्या सुमाराचे किंवा त्यानंतरचे. बेअर माउंटनचा झुलता पूल असेल तर १९२४ नंतरचे. न्यूबर्ग व बीकन ह्यांना जोडणारा पूल असेल तर १९६३ नंतरचे. ब्रेकनेकच्या उत्तरेस पोलेपेल बेटावर शस्त्रांचा व्यापारी फ्रान्सिस बॅनरमन ह्याने विसाव्या शतकाच्या आरंभी किल्ल्याच्या घाटाचे कोठार बांधले होते. त्याचे छप्पर शाबूत दिसले तर चित्र १९६९ च्या आगीपूर्वीचे ठरते. भिंतींचा मोठा भाग कोसळलेला असेल तर २००९ नंतरचे. दृश्यांच्या तुलनेला शास्त्र म्हणावयाचे असेल तर त्याचा आरंभ अशा खुणांपासून झाला पाहिजे.

५

आता आजच्या दृश्याकडे वळू. न्यूयॉर्क सेंट्रल कंपनी १९६८ साली पेनसिल्व्हेनिया कंपनीत विलीन झाली आणि ती संयुक्त कंपनी दोनच वर्षांत दिवाळखोरीत निघाली. लांब पल्ल्याच्या उतारू-गाड्या १९७१ पासून ॲमट्रॅक चालविते. पोकीप्सीपर्यंतच्या स्थानिक गाड्या १९८३ पासून मेट्रो-नॉर्थकडे आहेत. पश्चिम तीरावरील उतारू-गाड्या १९५९ पर्यंत बंद झाल्या आणि तेथून आता केवळ मालगाड्या जातात. पूर्व तीरावर पूर्वी जेथे चार रूळमार्ग होते तेथे क्रोटन-हार्मनच्या उत्तरेस बहुतेक ठिकाणी दोन उरले आहेत. स्थानिक गाडीचे इंजिन कधी पुढे तर कधी मागे असते. त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीच्या आजच्या चित्रात पुष्कळदा इंजिनच दिसत नाही.

परंतु सर्वांत ठळक फरक झाडांचा आहे. एकोणिसाव्या शतकात सरपण, कोळसा, विटांच्या भट्ट्या व लोखंडाचे कारखाने ह्यांसाठी हडसनच्या डोंगरांवरील जंगल वारंवार तोडले गेले होते. त्यामुळे जुन्या चित्रांत उघडे उतार व त्यांखालून जाणारी गाडी स्पष्ट दिसते. काठावरच्या वीटभट्ट्या आणि नदीतील बर्फ साठविण्याची प्रचंड लाकडी कोठारेही त्या चित्रांत आहेत. हे उद्योग ओसरले, डोंगर राखीव उद्याने झाली आणि वनराई परतली. आता अनेक जुन्या जागांवरून पानांआडून गाडी दिसतच नाही. जुन्या चित्रातील मोकळे दृश्य हे निसर्गाच्या अस्पर्शित अवस्थेचे द्योतक नसून त्याच्या ओरबाडलेल्या अवस्थेचे आहे, आणि आजचा ‘अडथळा’ हा वस्तुतः डोंगराचा पुनर्जन्म आहे.

पोकीप्सी येथे दृष्टीची आणखी एक उलटापालट झाली आहे. १८८९ साली खुला झालेला तेथील उंच लोहमार्ग-पूल १९७४ च्या आगीनंतर गाड्यांना बंद झाला. २००९ साली तो पादचाऱ्यांसाठी खुला करण्यात आला. ज्या पुलावरून गाड्या नदी ओलांडीत, त्याच पुलावर उभे राहून लोक आता खालून जाणाऱ्या गाड्या पाहतात. तीराची सरळ रेघ तेथून जशी स्पष्ट दिसते तशी क्वचितच अन्यत्र दिसेल.

६

ह्या रेघेच्या पलीकडे काय आहे, हे मात्र गाडीच्या कोणत्याही चित्रात येत नाही. भरावाने नदीपासून तोडलेल्या आखातांत पाणी आता केवळ लहान पुलांखालून व मोऱ्यांतून येते-जाते. टिव्होली येथील दोन आखाते ह्याचे बोलके उदाहरण होत. उत्तरेकडील आखातात गाळ साचून पाणकणसाची दलदल झाली. दक्षिणेकडील आखाताचा पृष्ठभाग उन्हाळ्यात शिंगाड्याच्या वेलींनी झाकून जातो. हा शिंगाडा त्या देशात परका आहे व तेथे तो उपद्रवी तण मानला जातो. गंमत अशी की, ह्या दलदलींत पक्षी व मासे ह्यांना आसरा मिळाला आणि १९८२ पासून टिव्होलीचा समावेश संरक्षित संशोधनक्षेत्रात झाला. लोहमार्गाने एक तीर मोडला आणि नकळत दुसराच निर्माण केला. त्यामुळे भराव हटवून जुना तीर परत आणावा, असे सरळ उत्तरही येथे देता येत नाही.

दृश्याला न्यायालयात मोल आहे, हे ह्याच नदीने अमेरिकेला शिकविले. १९६२ साली एका वीज कंपनीने स्टॉर्म किंगचा पायथा कोरून जलविद्युत्-केंद्र उभारण्याची योजना मांडली. तिच्याविरुद्ध नागरिकांची संघटना उभी राहिली. १९६५ साली केंद्रीय अपील न्यायालयाने सृष्टिसौंदर्याच्या रक्षणासाठी दाद मागण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला आणि १९८० साली तडजोड होऊन योजना सोडून देण्यात आली. अर्व्हिंगला असा हक्क नव्हता. त्याला फक्त जमिनीची किंमत मागता आली.

तरीही तीर कोणाचा हा वाद संपलेला नाही. २०१८ साली ॲमट्रॅकने जर्मनटाउन, टिव्होली इत्यादी ठिकाणी रुळांलगत उंच जाळीची कुंपणे व फाटके उभारण्याचा प्रस्ताव मांडला. पोकीप्सीच्या उत्तरेस गाड्या काही टप्प्यांत ताशी ११० मैलांपर्यंत वेगाने धावतात. त्यामुळे सुरक्षिततेची चिंता निराधार नव्हती. परंतु मासेमारीसाठी, होड्यांसाठी, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर उतरण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या रूळ ओलांडीत आलेल्या गावकऱ्यांनी व पर्यावरणसंस्थांनी त्यास तीव्र विरोध केला. भरावाने नदी दूर केली असली तरी ती दिसत होती व पावलांच्या टप्प्यात होती. जाळीमुळे तीही उरणार नाही, हा त्यांचा आक्षेप होता.

दरम्यान नदीही आपली बाजू मांडू लागली आहे. न्यूयॉर्क बंदरातील समुद्राची पातळी १९०० पासून एक फुटाहून अधिक वाढली आहे. २०१२ च्या सँडी वादळात ह्या मार्गाचे काही भाग पाण्याखाली गेले. २०२३ च्या जुलैतील अतिवृष्टीने डोंगरावरून आलेल्या लोंढ्यांनी रुळांखालची माती वाहून नेली व वाहतूक बंद पडली. ‘पाण्याच्या पातळीवरचा मार्ग’ हे जुने ब्रीद आता अभियंत्यांना धोक्याची सूचना वाटू लागले आहे.

ह्या विवेचनावरून चित्रजोडीच्या पद्धतीविषयी एक मर्यादा स्पष्ट होते. १९३८ व आजचे चित्र शेजारी ठेवले तर इंजिन, डबे, रूळ आणि झाडे ह्यांतील बदल कळतो. तीर मात्र अनादि वाटतो. त्या दोहोंच्या अलीकडे वेड आणि क्रूम ह्यांची १८४६ ची पट्टी ठेवली, म्हणजे तो तीर अवघ्या पावणेदोनशे वर्षांचा आहे, तो दगडाने रचलेला आहे आणि ज्यांनी रचला त्यांना तो सुंदर वाटत होता, हे ध्यानात येते. नदीकाठच्या लोहमार्गाचा इतिहास लिहिणाराने म्हणूनच दोन चित्रांवर समाधान मानू नये. रूळ पडण्यापूर्वीचे तिसरे चित्र शोधणे त्याला क्रमप्राप्त आहे. कारण कुंपणे कोठे घालावयाची, मोऱ्या किती रुंद ठेवावयाच्या आणि भराव किती उंच करावयाचा, हे जे निर्णय आता घ्यावे लागणार आहेत, त्यांत तीर हा निसर्गसिद्ध आहे की मनुष्यनिर्मित, ह्यावर बरेच काही अवलंबून राहील.